बार्दो बघायची, पण कशी?

आमच्या मंगळवार पेठेतल्या खोलीत महिन्यातून एकदा जुना सिनेमा लावतो. ब्रिजित बार्दो ह्या फ्रेंच नटीचा सिनेमा लावला की कुणीतरी विचारतंच, "ह्या बाईला कोर्टानं दंड केलता न्हवं?" केलता. वांशिक द्वेष भडकवल्याबद्दल, १९९७ पासून अनेकदा. हे मी सिनेमाआधीच सांगून टाकतो. मागनं कळलं की माणसं चिडतात.

मग वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडं पडद्यावरचं: १९५६ च्या 'अँड गॉड क्रिएटेड वुमन' सिनेमातला तिचा अनवाणी नाच, बघाच. उजवीकडं दंड झालेली तिची वाक्यं, सालासकट. सिनेमा तिनं १९७३ लाच सोडला; दंड सगळे नंतरचे.

तिनं प्राण्यांसाठी केलेलं काम कुठल्या बाजूला, यावर मात्र दरवेळी भांडण. कुर्बानीविरुद्ध लिहितानाच ती मुसलमानांवर घसरली, म्हणून ते मी बरोबर घडीवर लिहितो.