हेलिकॉप्टरचा आवाज कंप्युटरवर काढायचाय? आधी हवा जुळवा

माझ्याकडे प्रोजेक्टला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, आवाज कधी ऐकायला मिळेल?" सगळ्यात शेवटी! आवाज दाबाच्या चढउतारातून निघतो. दाबात बारीक चूक राहिली की आवाजात ती ढळढळीत दिसते.

अख्खं हेलिकॉप्टर घेऊ नका. कॅराडोना आणि टंग या संशोधकांनी 1981 साली प्रयोगात वापरलेला रोटर (फिरता पंखा) घ्या. दोन पाती, छेद नॅका 0012 (पात्याचा एक प्रमाणित, सममित आकार), पीळ नाही, त्रिज्या 1.143 मीटर, रुंदी 0.191 मीटर. पात्याचा कोन 8 अंश, फेरे मिनिटाला 1250. टोकाचा वेग सेकंदाला 150 मीटरच्या आसपास, म्हणजे माख 0.44 (आवाजाच्या वेगाच्या 0.44 पट). म्हणून हवा दाबली जाते हे धरणारा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) लागतो. ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमधला रोपिंपलफोम चालतो.

मेश (हवेचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडलेली जाळी) करायला बसण्याआधी कागद-पेन काढा. थ्रस्ट कोएफिशियंट (उचलीचा एकक नसलेला आकडा) 0.0046 धरला तर उचल साधारण 515 न्यूटन येते आणि चकतीतून (पाती फिरतात त्या वर्तुळातून) हवा सेकंदाला 7 मीटरने खाली जाते. सॉल्व्हरचं उत्तर याच्या निम्मं-दुप्पट आलं तर टर्ब्युलन्स (हवेची खळबळ) मॉडेलला दोष देऊ नका. कोनाचं चिन्ह आणि फिरण्याची दिशा तपासा.

मेशमध्ये बहुतेक जण सगळे सेल पात्यावर खर्च करतात. टोकातून सुटणारा भोवरा मात्र अर्ध्या फेरीत थोडाच खाली जातो आणि दुसरं पातं लगेच त्याच्या डोक्यावरून जातं. तिथले सेल जाड असतील तर भोवरा विरतो आणि टोकाकडची उचल चुकते. टोकाखालच्या कड्यात सेल रुंदीच्या 5 टक्क्यांपर्यंत बारीक करा, बाहेर सैल सोडा.

सुरुवातीला टाइम स्टेप (हिशेबाच्या एका पावलात रोटर किती फिरतो ते) 5 अंशांची चालेल, मग 1, आवाजासाठी पाव ते अर्धा अंश. पहिले दहाएक फेरे टाकून द्या. सुरुवातीचा मोठा भोवरा खाली निघून जायला तेवढा वेळ लागतो.

नुसता थ्रस्ट जुळला म्हणून नाचू नका. आतली जास्त आणि बाहेरची कमी उचल एकमेकींना झाकतात. त्रिज्येच्या 0.50, 0.68, 0.80, 0.89 आणि 0.96 वर दाब मोजलेला आहे, पाचही आलेख ताडा. माझा डोळा कायम टोकाजवळच्या 0.96 वर असतो.

आता आवाज. पात्यावरचा दाब साठवा आणि फॉक्स विल्यम्स-हॉकिंग्ज समीकरणात (दाबावरून दूरचा आवाज काढणाऱ्या) घाला. या वेगाला पात्याचाच पृष्ठभाग पुरतो. या प्रयोगात आवाज मोजलेला नाही, म्हणून कसोटी आपणच लावायची: एक माइक रोटरच्या अक्षावर दूर, दुसरा चकतीच्या पातळीत. पातळीतल्या माइकवर 41.7 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी पाती समोरून जातात) शिखर दिसलं पाहिजे. अक्षावर ते जवळजवळ नाहीसं व्हायला हवं, कारण तिथून पात्यांचं अंतर बदलतच नाही. तिथेही सूर आला तर आधी वेळेचं इंटरपोलेशन (दोन पावलांमधली किंमत अंदाजाने भरणं) बघा.

उतरताना येणारी ती फट-फट इथे मिळणार नाही. ती पातं जुन्या भोवऱ्याला छेदतं तेव्हाची. तिच्यासाठी 2001 चा हार्ट-टू प्रयोग आहे, बीओ-105 हेलिकॉप्टरचा 40 टक्के आकाराचा रोटर. तिथे पात्याचं वाकणंसुद्धा हिशेबात धरावं लागतं.