मुलांना ऊर्जेची रूपं कशी समजावावीत: नळापासून सिटी बसपर्यंत

स्थितिज, गतिज, औष्णिक, रासायनिक ही नावं आधी पाठ करून घेऊ नका. मग मुलांना या वेगवेगळ्या वस्तूच वाटतात. प्रश्न एकच विचारत राहा: ऊर्जा आली कुठून, गेली कुठे?

१. इंदूरच्या घरात सुरुवात नळापासून करा. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर येतं आणि पंप ते ४०० मीटरांहून जास्त उंच चढवतात. विजेची ऊर्जा उंचीत साठली, ती स्थितिज. लीटरभर पाणी १ मीटर उचलायला ९.८ ज्यूल लागतात, म्हणजे ४०० मीटरांना सुमारे ३,९००. आता पुढचा आकडा सांगा: तेच पाणी फक्त १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. अख्खा घाट चढण्याएवढी ऊर्जा, आणि पाणी कोमटसुद्धा होत नाही! मुलांना हे पटत नाही, म्हणून पुढचा प्रयोग कराच.

२. कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची १ मीटर नळी घ्या. सायकलचे पोलादी छर्रे अर्धा किलो घ्या. छर्रे थर्माकोलच्या कपात ओतून तापमान मोजा. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर हवा. तापाचा चालत नाही, कारण तो साधारण ३२ अंशांखालचं दाखवतच नाही. छर्रे नळीत भरून दोन्ही तोंडं जाड बुचांनी बंद करा, वरून चिकटपट्टी लावा. नळी उभी धरून झटक्यात १०० वेळा उलटी करा आणि लगेच पुन्हा मोजा. हिशेबाने २ अंश वाढायला हवेत. नळी आणि बुचंही तापतात, म्हणून भरतं कमीच. काहीच वाढलं नाही तर नळी हळू फिरली असणार: छर्रे पडण्याऐवजी घरंगळतात. छर्रे हातात धरू नका, तळहाताची ऊब आकडा बिघडवते.

उंची, गती, आवाज, उष्णता: चारही रूपं एका नळीत दिसतात.

३. रासायनिक ऊर्जेसाठी सकाळचे पोहे पुरेत. उन्हाची ऊर्जा भातात, भाताची पोह्यांत, पोह्यांची मुलाच्या पायांत. उरलेले पोहे ओल्या कचऱ्यात जातात. इंदूरच्या देवगुराडिया भागात २०२२ साली सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. तिथे हवा न लागता जिवाणू त्यातून मिथेन काढतात आणि त्या गॅसवर सिटी बस धावते. हा प्रयोग घरी बंद बरणीत करू नका. दाब वाढून बरणी फुटते.

४. शेवटी बसमध्ये विचारा: सिग्नलला थांबल्यावर गती कुठे गेली? "संपली" असं उत्तर आलं तर लगेच खोडू नका. छोट्या उतारावर सायकल ब्रेक लावत आणा, ती पूर्ण थांबल्यावर ब्रेकच्या रबराजवळ रिमला हलकेच बोट लावायला सांगा.