लसण्या घेताय? आधी त्याला कडेनं बघा

पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत लसण्या, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी रेघ असणारा ‘कॅट्स आय’ खडा, मागणारं बरंचसं गिऱ्हाईक पत्रिकेतल्या केतूमुळे आलेलं असतं. खड्यात रेघ चमकली की ते खूश. पण नुसती रेघ काहीच सिद्ध करत नाही. आत समांतर सुया किंवा नळ्या दाटीनं असल्या आणि खडा योग्य दिशेनं घुमटाकार घासला, की क्वार्ट्‌झमध्येही डोळा उमटतो, तुरमलीत आणि अपाटाइटमध्येही. खरा लसण्या म्हणजे क्रिसोबेरिल नावाचं खनिज, आणि भावातला सगळा फरक तिथेच आहे.

म्हणून पहिलं काम, खडा सुटा मागा. अंगठीत बसवलेल्याचा तळ दिसत नाही आणि वजनही करता येत नाही.

मग उजेड. दुकानात डोक्यावर डझनभर दिवे असतात आणि प्रत्येकाची वेगळी रेघ पडते, त्यात काही कळत नाही. दाराशी उन्हात या. पावसाळी ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा एकच टॉर्च वरून धरा. रेघ बारीक, सरळ, मधोमध आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हवी. खडा हलवला की ती न तुटता सरकली पाहिजे. आता टॉर्च बाजूला न्या. चांगल्या लसण्यात उजेडाकडचा अर्धा भाग मधाच्या रंगाचा आणि पलीकडचा दुधाळ दिसतो. दोन टॉर्च दोन बाजूंनी धरून खडा फिरवला तर डोळा उघडतो, मिटतो. हे बघायला मजा येते, दुकानदार कंटाळला तरी बघा.

तिसरी पायरी कडेची. दहापट भिंग घ्या आणि रेघेच्या टोकांकडून नाही, तर रेघेला काटकोनात असलेल्या दोन्ही कडांकडून आत बघा. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसली, तर तो काचेच्या तंतूंचा खडा, ठेवून द्या. या काचेची रेघ अतिशय रेखीव असते, इतकी की संशय यावा.

खडा काचेचा नसेल तर वजन बोलतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला खडा पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा धरा. पहिल्या आकड्याला या आकड्यानं भागा, की खड्याची घनता मिळते. समजा खडा १.१२ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात ०.३० आलं, तर उत्तर ३.७३, म्हणजे क्रिसोबेरिलचं. तेवढ्याच वजनाच्या क्वार्ट्‌झला ०.४२ येईल, उत्तर २.६५ च्या आसपास. ओडिशात मिळणारा, असाच डोळा दाखवणारा सिलिमनाइट मधे, ३.२ च्या जवळ बसतो. काचेची घनता मात्र काहीही असू शकते, म्हणून भिंगाची पायरी गाळू नका. दोऱ्याला चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर हिशेब चुकतो.

जात ठरली की मग किंमत. मधाळ पिवळा आणि सफरचंदी हिरवट रंग जास्त मागितला जातो. खडा उलटा करा: पोट फुगलेलं असेल तर त्या वजनाचे पैसे तुम्ही देताय आणि अंगठीत ते दिसणारही नाही. भाव रत्तीत सांगितला तर कॅरेटमध्ये विचारा. रत्ती सगळीकडे एकच नसते, कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात वाद नाही. फार गडद चॉकलेटी खड्यापासून मी तरी लांब राहीन. १९९७ मध्ये बँकॉकच्या बाजारात असे खडे किरणोत्सर्गी निघाले होते.

हाडावर ठेवला की भोक पडतं, अंधारात उजळतो, असल्या परीक्षांत वेळ घालवू नका.

रक्कम मोठी असेल तर पैसे देण्याआधी रत्नतपासणी प्रयोगशाळेचा दाखला मागा. त्यावर ‘नैसर्गिक क्रिसोबेरिल’ असं स्पष्ट हवं, नुसतं ‘कॅट्स आय’ नको. आणि बिलावरही तेच नाव, कॅरेटमधलं वजन घालून, लिहून घ्या.