रेडकॅपच्या फॉर्मात मराठीऐवजी ‘????’: शेवटी यानं सुटलं

नागपुरातल्या आमच्या सिकलसेल अभ्यासाचे फॉर्म रेडकॅप या संशोधनाची माहिती गोळा करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत; ते डेटा डिक्शनरीवरून, म्हणजे फॉर्ममधल्या प्रश्नांच्या तक्त्यावरून बनतात. तिची सीएसव्ही (कॉमांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) स्प्रेडशीटमध्ये बदलून परत चढवली की ‘तुमचे गाव कोणते?’च्या जागी ‘????’. ब्राउझर बदलला, फॉन्ट टाकले. काही फरक नाही. डोकं पार उठलं होतं. अक्षरं स्प्रेडशीटमध्ये सेव्ह होतानाच जात होती.

रेडकॅपमधल्या प्रोजेक्ट रिव्हिजन हिस्टरीतून बिघाडाआधीची डिक्शनरी उतरवा, ‘????’ झालेल्या फाइलमधून मराठी परत मिळत नाही. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडताना कॅरेक्टर सेट ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ (यात मराठी अक्षरं टिकतात), सेपरेटर फक्त कॉमा निवडा. प्रीव्ह्यूत सगळे कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर आकडे-तारखांचं रूप बदलू शकतं. सेव्ह करताना ‘एडिट फिल्टर सेटिंग्ज’वर टिक, पुन्हा यूटीएफ-८. नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसली, तरच चढवा.