सेकंडहँड मर्सिडीज ई-क्लास नाहीतर बीएमडब्ल्यू थ्री सिरीज बघायला निघालाय? आधी हे करून ठेवा

"नव्या स्विफ्टच्या पैशात ई-क्लास मिळतेय दादा, घेऊ का" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच, सोबत पॉलिश मारून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आठ-दहा फोटो. घ्या की. मी पण घेतलीय, 2014 ची जर्मन डिझेल सेडान, चार वर्षं झाली वापरतोय आणि बायको अजून घरात घेतेय. फक्त एक लक्षात घ्या, भाव गाडीचा उतरलाय, पार्टचा नाही, 50 लाखाच्या गाडीचा हेडलाईट गाडी 8 लाखाला विकली तरी 50 लाखाच्या गाडीचाच असतो.

म्हणून सगळ्यात आधी पैसे बाजूला काढा. 10 लाख बजेट असेल तर गाडी 8 पर्यंतचीच बघा, उरलेले 2 पहिल्या वर्षाचे, त्याला हात लावायचा नाही, साउंड सिस्टीमसाठी तर अजिबातच नाही.

दुसरं काम, गाडीच्या आधी मेकॅनिक शोधा. लोक उलटं करतात, गाडी घेतात आणि मग विचारत फिरतात. तुमच्या गावात फक्त जर्मन गाड्या करणारा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेरचा गॅरेजवाला आहे का, त्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे का (दोन हजारवाला ब्लूटूथ नाही, तो इंजिनचे चार कोड दाखवून गप्प बसतो), आणि तो पैसे घेऊन गाडी बघायला येईल का, हे आधी विचारून ठेवा. असा माणूस तासाभराच्या रस्त्यावर नसेल तर मी म्हणेन टोयोटाची कॅमरी बघा, खरंच.

मग इंजिन-गिअरबॉक्सचा अभ्यास. 2012 पासूनची बीएमडब्ल्यू 320डी (थ्री सिरीजची डिझेल) बघत असाल तर 2015 पर्यंत त्यात एन47 इंजिन येतं, त्याची टायमिंग चेन (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे चेन करायची तर आधी मोठी उघडाउघड. त्यामुळे "चेन बदललीय" असं तोंडी कोणी म्हटलं तर बिल मागायचं, बिल नाही म्हणजे बदलली नाही. मर्सिडीजच्या 220/250 सीडीआय डिझेलमधल्या ओएम651 इंजिनाची चेनसुद्धा मागेच आहे. बीएमडब्ल्यूचा 8 स्पीड झेडएफ गिअरबॉक्स मस्त चालतो, पण त्याचं ऑइल "लाइफटाइम" आहे म्हणून कोणी बदलत नाही, आणि गंमत म्हणजे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच म्हणते की 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमीच्या मध्ये बदला. आणि तुमचं रोजचं जाणं-येणं 5 किमीचं असेल तर डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल घेऊच नका, फिल्टर चोक होणार, पेट्रोल बघा.

कागद. इथे घाई करायची नाही, कारण मी केली होती. पहिल्यांदा एका एजंटने दिल्ली पासिंगची गाडी दाखवली, आपल्याकडच्या भावापेक्षा बरीच स्वस्त, "एनओसी देतो, टॅक्स किरकोळ असतो" म्हणाला आणि मी 25 हजार टोकन देऊन मोकळा. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं लफडं होतं, 2015 ला हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर निघायच्या. पण महाराष्ट्रात आणली की इथला रोड टॅक्स परत भरावा लागतो आणि महागड्या डिझेल गाडीचा तो किरकोळ नसतो. आरटीओत जाऊन आकडा काढून आणला तेव्हा कळलं, टोकन गेलं ते गेलंच. तर परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि टॅक्सचा आकडा आधी, टोकन नंतर.

इथलीच असेल तरी एम-परिवाहनवर नंबर टाकून कितवा ओनर, हायपोथिकेशन (गाडीवर कर्जाचा बोजा) आहे का, इन्शुरन्स-पीयूसी चालू आहे का बघा, पेंडिंग ई-चलन वेगळं बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, ट्रान्सफरला 29 आणि 30. गाडी कंपनीच्या नावावर असेल (या सेगमेंटमध्ये असतेच) तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लेटरहेडवर घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसलीय का बघा. आणि आरसीची मुदत, ती 15 वर्षांची असते. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज उचलल्या होत्या आठवतंय का, त्या वेळच्या गाड्यांची 15 वर्षं कधीच भरलीत, तेव्हा एमएच-20 ची जुनी मर्सिडीज दिसली तर रिन्यू झालीय का ते पहिलं विचारा.

इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करायला टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियम वाढीव धरूनच चला.

बघायला सकाळीच जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर समजायचं काहीतरी लपवतोय, चहा प्या आणि निघा. थंड इंजिन चालू होतानाचे पहिले दहा सेकंद खडखड ऐकायची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग बघा, डिकीतली मॅट उचला, सीटच्या रेलवर गंज आहे का बघा. कोल्हापूर-सांगलीला 2019 आणि 2021 ला पूर आला होता आणि बुडालेली गाडी धुवून-पुसून कुठेही विकता येते. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर) आहेत का ते पण, कारण मग स्टेपनी नसेल. दोन्ही चाव्या हातात घेऊन दोन्हींनी चालू करून बघा. नंतर लिफ्टवर घ्या आणि स्कॅन करा, विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच नमस्कार.

घरी आणल्यावर सर्व्हिस रेकॉर्ड काही म्हणो, सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल एकदम बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर ती सिस्टीममध्ये रजिस्टर करावी लागते, कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून हे होणार नाही. जुना फास्टॅग काढून स्वतःचा लावा.

आणि हो, सोसायटीच्या रॅम्पवरून एकदा तशीच गाडी टेस्ट ड्राइव्हला नेऊन बघा. आमच्या शेजाऱ्याने नाही बघितलं, त्याच्या पुढच्या बंपरचा पांढरा रंग अजून रॅम्पच्या कडेला आहे आणि तो बिचारा गाडी बाहेर रस्त्यावर लावतो.