स्टेंट घालायचा का? या चुका टाळा

कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीच्या, दारातून मला आत बोलावलं. काका टेबलावर, पडद्यावर हृदयाला रक्त पुरवणारी एक बारीक झालेली नळी. "ऐंशी टक्के ब्लॉक आहे. टाकायचा ना स्टेंट? लगेच सांगा." स्टेंट म्हणजे अशी नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. मी सही केली.

पहिली चूक तीच. त्या दारात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं: आधी फक्त तपासणी, पुढचं बाहेर आल्यावर ठरवू.

हार्ट अटॅक आलेला असेल तर मात्र यातलं काही मनात आणू नका, तिथे वेळ घालवणं जिवावर बेततं. मी बोलतोय ते जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की उतरते, त्या दुखण्याबद्दल. डॉक्टर त्याला स्टेबल अँजायना म्हणतात.

त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फायदा होईल का एवढंच विचारायचं, कशाचा होईल ते विचारायचंच नाही. नळी मोकळी झाली म्हणजे मरण टळलं, असं आपण धरून चालतो. अशा रुग्णांवर दोन मोठे अभ्यास झाले: २००७ साली 'करेज'मध्ये २,२८७ आणि २०२० साली 'इस्केमिया'त ५,१७९ रुग्ण होते. निम्म्यांना नुसती औषधं, बाकीच्यांना औषधं आणि शिवाय स्टेंट किंवा बायपास. मृत्यूंच्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कारण अटॅक पुष्कळदा पडद्यावर किरकोळ दिसणारा चरबीचा थर फुटून, त्यावर गुठळी धरून येतो. स्टेंट एकाच जागेला आधार देतो, गोळ्या सगळ्या नळ्यांवर काम करतात. मुख्य डाव्या नळीतला मोठा ब्लॉक किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले रुग्ण यात धरलेले नव्हते, त्यांचा हिशोब वेगळा.

मग स्टेंट फुकट? नाही. छातीचं दुखणं त्याने कमी होतं, आणि ज्याला देवळाच्या पायऱ्याही चढवत नाहीत त्याला हे थोडं नाही.

कुठल्याही उपचाराने "धोका निम्मा होतो" असं ऐकलं की आधी विचारा, शंभरातल्या किती जणांचा? दोनाचा एक झाला तरी निम्माच.

शेवटची चूक काकांची. "नळी साफ झाली, आता गोळ्या कशाला?" म्हणत तिसऱ्या महिन्यात त्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या. नव्या स्टेंटमध्येच गुठळी होते ती अशाने. हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणे. डॉक्टरांना एक फोन करायला काय झालं होतं!