ऑइल बदललं आणि गाडी झटके मारायला लागली? ऑटोमॅटिक फोर बाय फोरमध्ये या चुका टाळा

“गाडी मस्त चालली होती. एटीएफ बदलून घेतलं आणि तेव्हापासून डी टाकला की झटका मारते.” ऑटोमॅटिक फोर बाय फोरवाल्यांच्या गप्पांत ही तक्रार हमखास निघते. त्यावर कुणीतरी ठरलेला सल्लाही देतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला, म्हणजे एटीएफला, हातच लावू नका, ते आयुष्यभराचं असतं. रोज ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीपुरता हा सल्ला थोडाफार चालून जाईल. पण जी गाडी पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात लो रेंजवर (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरवर) घुमते, कोकणातल्या वाळूत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) तापवते, तिचं ऑइल लवकर थकतं. तिच्यासाठी मॅन्युअलमध्ये कठीण वापराचा वेगळा रकाना असतो. तो वाचायचा आणि त्यात दिलेल्या किलोमीटरला ऑइल बदलायचं.

मग बदलल्यावर बिघडतं काय? माझं मत स्पष्ट आहे. अशा दहातल्या बहुतेक गाड्यांत ऑइलचा ब्रँड किंवा फिल्टर दोषी नसतो, लेव्हल चुकलेली असते.

लेव्हल: सगळ्यात जास्त घोळ इथेच

आताच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना डिपस्टिक नसते. फॉर्च्युनरचंच घ्या. बाजूला भरायचा नट, खाली चेंबरला (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) ड्रेन आणि ओव्हरफ्लोची सोय. ओव्हरफ्लोच्या आत एक छोटी उभी नळी असते. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, त्या नळीच्या तोंडातून जादा ऑइल बाहेर पडतं. धार तुटून थेंब-थेंब झाली की लेव्हल बरोबर. यातले ‘ठरलेलं तापमान’ आणि ‘इंजिन चालू’ हे दोन शब्द विसरले की पुढचं सगळं वाया.

इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं आणि कूलरच्या पाइपातलं थोडं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे लेव्हल जास्त दिसते. ती बरोबर समजून नट लावला की गाडी सुरू झाल्यावर ऑइल कमी पडतं. तापमानाचंही तसंच. ऑइल तापलं की फुगतं. दहा लिटर एटीएफ 30 अंशांवरून 80 वर गेलं तर त्याचं आकारमान साडेतीनशे मिलीच्या आसपास वाढतं. म्हणजे लांबून आलेल्या गरम गाडीची लेव्हल तशीच बघितली तर धार जोरात येते, मेकॅनिकला वाटतं ऑइल जास्त आहे, आणि गार झाल्यावर तेवढंच कमी निघतं.

तपासायच्या तापमानाचा पट्टा मॉडेलनुसार बदलतो. टोयोटाच्या गाड्यांत तो साधारण 35 ते 55 अंशांच्या दरम्यान कुठेतरी, जेमतेम दहा अंशांचा असतो. आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. एप्रिल-मे महिन्यात नागपूरला किंवा परभणीला दुपारी बाराला काम काढलं, तर इंजिन सुरू करायच्या आधीच चेंबर 40 च्या पुढे गेलेलं असतं. गिअर फिरवून होईपर्यंत पट्टा निघून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, किंवा गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून सकाळी पहिल्यांदा हातात घ्या. तापमान अंदाजाने ठरवू नका. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा स्वस्त स्कॅनर आणि मोबाइल बऱ्याच गाड्यांत ट्रान्समिशनचं तापमान दाखवतात. चेंबरला बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवणं त्याखालोखाल, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

तपासण्याआधी ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा सगळीकडे सावकाश फिरवायचा, प्रत्येक जागी काही सेकंद थांबायचं. त्याशिवाय गिअर बदलायला ऑइल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या सगळ्या वाटांत ऑइल पोचत नाही. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढचं तोंड रॅम्पवर चढवून लेव्हल घेणं हा गॅरेजमधला आवडता शॉर्टकट आहे आणि तो हमखास फसवतो. चारही स्टँडवर सारख्या उंचीला, नाहीतर पिट.

सपाट रस्त्यावर अर्धा लिटर कमी ऑइल असलेली गाडी कुरकुर न करता चालते. तीच गाडी तीस अंशांच्या चढावर नाक वर करून उभी राहिली की ऑइल चेंबरच्या मागच्या टोकाला सरकतं, फिल्टरचं तोंड उघडं पडू शकतं, पंप हवा ओढतो आणि ऐन चढावर ड्राइव्ह सुटते. मैदानावरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कधीच कळणार नाही. उलट बाजूने, ऑइल जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्समध्ये हवा खेळायच्या नळीतून) ऑइल बाहेर येतं. ते गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर, आणि नशीब वाईट असेल तर आग.

आधी भरायचा नट, मग ड्रेन

ड्रेन उघडायच्या आधी भरायचा नट सुटतो का ते बघा. समुद्राजवळ फिरलेल्या गाडीत हा नट गंजून धरलेला असतो. आधी ऑइल काढलं आणि मग कळलं की भरायची वाटच बंद आहे, तर गाडी हलवताही येत नाही. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवा.

एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये राहिला असेल, तर गिअर पीमध्ये असूनही चाकं मोकळी असतात. पीचं कुलूप गिअरबॉक्सच्या शाफ्टला लागतं, आणि ट्रान्सफर केस त्या शाफ्टचा चाकांशी संबंधच तोडून टाकतो. गाडीखाली जायच्या आधी ट्रान्सफर केस 2एचमध्ये (दोन चाकांच्या ड्राइव्हवर), हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावलेले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचंच नाही. आणि लेव्हल बघताना इंजिन चालू असतं, हे आत शिरण्याआधी एकदा स्वतःला सांगा.

किती निघालं, तेवढंच घातलं?

निघालेलं ऑइल सरळ घमेल्यात जाऊ देऊ नका. मापाच्या बाटल्यांत भरून मोजा. पहिली भरती तेवढीच, मग ओव्हरफ्लोने अंतिम लेव्हल. निघालेलं ऑइल अपेक्षेपेक्षा बरंच कमी असेल तर कुठेतरी गळती आहे. फोर बाय फोरमध्ये ही गळती बाहेर दिसेलच असं नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं सील गेलं, तर एटीएफ ट्रान्सफर केसमध्ये उतरतं. जमिनीवर एक थेंब नाही आणि गिअरबॉक्स रिकामा होत चाललेला. म्हणून त्याच दिवशी ट्रान्सफर केसचाही लेव्हल नट उघडून बघा. तिथे ऑइल ओसंडलं तर काय झालं ते समजलं.

चेंबर रिकामं केलं म्हणजे सगळं ऑइल बदललं, असाही समज आहे. कन्व्हर्टर आणि कूलरमधलं जुनं ऑइल तसंच राहतं. समजा एकूण दहा लिटर आहे आणि एका वेळी साडेतीन निघतं. पहिल्या बदलानंतर 35 टक्के नवं. मध्ये थोडी चालवून पुन्हा तेवढंच बदललं तर 58 टक्के, तिसऱ्यांदा 73. ऑफ-रोड वापरात मला हीच पद्धत पटते: थोड्या-थोड्या दिवसांनी दोन-तीनदा. दाबाने धुणाऱ्या मशीनवर मी जास्त किलोमीटर झालेली, आधीच घसरणारी गाडी चढवणार नाही. तिच्या क्लच प्लेट्स झिजलेल्या असतात आणि तळाला बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. “ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला” या गोष्टींतल्या बऱ्याच गाड्या आधीच जाणाऱ्या होत्या, हेही खरं.

चेंबर, पॅकिंग, फिल्टर

स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा) काढली की आधी चेंबरचा तळ बघा. दगडावर आपटून आत गेलेला खड्डा क्षुल्लक वाटतो. पण फिल्टरचं तोंड आणि चेंबरचा तळ यांत अंतर थोडंच असतं. तो खड्डा बरोबर फिल्टरखाली असेल तर ऑइल ओढायची जागाच कमी होते. असं चेंबर ठोकून सरळ करत बसण्यापेक्षा बदला.

चेंबर उघडायच्या आधी आजूबाजूचा चिखल धुऊन काढा, पण पाण्याचा फवारा ब्रीदरवर मारू नका. आत पुसायला सुताचे धागे सुटणारं बनियनचं फडकं तर अजिबात नको. एक धागा एखादा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. तळाच्या चुंबकांवर करड्या रंगाची, बोटांत चोळली तर पेस्टसारखी लागणारी भुकटी असते. ती नेहमीची झीज, घाबरू नका. बोटाला टोचणारे चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर नवं ऑइल ओतून प्रश्न सुटणार नाही. फोटो काढा, जाणत्या माणसाला दाखवा. चुंबक पुसून जागच्या जागी बसवा. चुंबक कपड्यात गुंडाळून बाकावर विसरणारे कमी नाहीत.

फिल्टरमध्ये सगळ्यात महागडी चूक म्हणजे जुनं सील आत राहणं. फोर्ड एन्डेव्हरच्या 6-स्पीड गिअरबॉक्समध्ये फिल्टर सीलसकट दाबून बसतो. जुना फिल्टर ओढला की कधीकधी सील वरच्या भोकात चिकटून राहतं. त्यावर नवं सील बसवलं की फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो. म्हणून टॉर्च मारून बघा, बोट घालून चाचपा. काही गिअरबॉक्समध्ये फिल्टर बोल्टने बसतो आणि आत ओ-रिंग असते. ती नवीच टाका आणि बसवायच्या आधी ताज्या एटीएफचं बोट फिरवा. जीप रँग्लरच्या 8-स्पीडमध्ये मामला वेगळा, तिथे फिल्टर आणि प्लॅस्टिकचं चेंबर एकच भाग आहे. पूर्ण भाग मागवावा लागतो, आणि जुना पुन्हा लावून पैसे वाचवायचा विचार सोडा.

पॅकिंगवरून गळती झाली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे नट आणखी आवळणे. चेंबरच्या बोल्टना लागणारा टॉर्क फार कमी असतो. टोयोटाच्या ए750 गिअरबॉक्समध्ये तो 4.4 न्यूटन-मीटर आहे, म्हणजे छोट्या पान्याने दोन बोटांनी लावावा इतकाच. जास्त आवळलं की चेंबरची कड वाकते, पॅकिंग पिळून बाहेर येतं आणि गळती वाढते. सिलिकॉनचा जाड थर हा तर त्याहून वाईट प्रकार. आतल्या बाजूला पिळून आलेले त्याचे गोळे सुटून फिल्टरवर बसतात.

डब्यावरचं नाव

एटीएफ लालच असतं आणि सगळं लाल एकच, हा समज धोक्याचा. एन्डेव्हर 6-स्पीडला फोर्डचं मर्कॉन एलव्ही लागतं, 2020 मध्ये आलेल्या 10-स्पीडला त्याहून पातळ मर्कॉन यूएलव्ही. गाडीचं नाव तेच, ऑइल वेगळं. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून या गाड्या जास्त करून बाहेरच्या गॅरेजात जातात आणि तिथे ही गल्लत सहज होते. फॉर्च्युनरला टोयोटाचं डब्ल्यूएस. महिंद्राच्या थार, थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांच्यात टोयोटा समूहातल्या आयसिनचा 6-स्पीड आहे, पण म्हणून टोयोटाचं ऑइल चालेलच असं गृहीत धरू नका. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा, डब्यावर ते छापलंय का ते बघा.

पाण्यातून गेल्यावर

थारची पाण्यातून जायची मर्यादा 650 मिमी सांगितलेली आहे. तरी खरा प्रश्न ब्रीदरचा असतो. तापलेला गिअरबॉक्स ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ गुलाबी झालं, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं, की गाडी तिथेच बंद. क्लच प्लेट्सवरचं घर्षणाचं अस्तर कागदी तंतूंचं असतं आणि चिकटवलेलं असतं. पाण्याने ते फुगतं, सुटतं. “गावी पोचू, मग बघू” म्हणून ताम्हिणीतून पुण्यापर्यंत चालवलेली गाडी बरेचदा दुरुस्तीपलीकडे जाते. टो करा. एका बदलाने पाणी निघत नाही, कन्व्हर्टर आणि कूलरचे पाइपही रिकामे करावे लागतात.

गाडी पाण्यात गेलीच नसेल आणि ऑइल तरी गुलाबी असेल, तर रेडिएटर तपासा. बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातो. नुसतं ऑइल बदलून आठवड्याभरात पुन्हा तेच होईल.

लक्षणावरून कारण

डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी उचलते, किंवा इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारा घूंऽऽ आवाज येतो: आधी लेव्हल पुन्हा घ्या, मग फिल्टरचं सील बघा. सपाटीवर ठीक, चढावर ड्राइव्ह सुटते: लेव्हल कमी, जवळजवळ नक्की. ब्रीदरमधून ऑइल: लेव्हल जास्त, किंवा आत पाणी. साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाला खडबडीत रस्त्यासारखी थरथर: कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) तक्रार, चुकीचं ऑइल घातलंय का ते तपासा. गिअर थोडे कडक पडतात पण बाकी सगळं बरोबर: ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर जुन्या ऑइलच्या सवयीवर चालतोय. काही किलोमीटर शांतपणे चालवा किंवा स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन (कॉम्प्युटरने शिकलेल्या सवयी) रीसेट करून घ्या.

दोन-तीनशे किलोमीटर झाले की चेंबरखाली कोरडा कागद टाकून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी कागदावर डाग असेल तर पॅकिंग आणि नट बघा. काढलेलं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. बंद कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत गॅरेजला द्या.